सृष्टीची मान

४ नोव्हेंबर

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणून लिहिते. सौ. सविता कैलास तिकोणे, मळवली. दहावी पास, इंग्रजीत काठावर. आम्ही ज्यांचा बंगला सांभाळतो त्या मालकीणबाईंनी ही डायरी जानेवारीत दिली होती. तेव्हापासून पापडाच्या डब्याखाली पडून होती. पानावर छापलंय जानेवारी आणि मी लिहितेय नोव्हेंबर. लिहीन, मला कोण तपासायला येणार आहे!

लिहायचं कारण सृष्टी. माझी एकुलती एक लेक, चोविसावं चालू आहे. सात वर्षांची होती तेव्हा डोळे मिचकवायला लागली. मग मानेला झटका यायला लागला, मग तोंडातून आवाज. "हुर्रऽऽ!" भातावरची पाखरं हाकलतात तसा. तिचे आप्पा म्हणतात, "आपल्या वावरात चिमणी बसत न्हाई, फुकटची राखण हाय." त्यावर सगळ्यात मोठ्यानं तीच हसते. बंगल्याची बुकिंगं तीच फोनवर घेते. मुंबईचे पाहुणे मधेच विचारतात, तुमच्याकडं कसला प्राणी आहे का. ती सांगते, "हो, पण चावत नाही."

आजाराचं नाव टुरेट. ती मुद्दाम काही करत नाही, मेंदूकडून चुकीचा हुकूम येतो आणि मान उडते. सासूबाईंना हे सांगून सांगून मी थकले. त्या आजही मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात आणि आम्ही सगळे खोकत बसतो.

आता मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. मान इतक्या जोरात मागं फेकली जाते की डॉक्टरांनी दिलेले पट्टे तुटले. दिवाळीच्या आधी करंज्या तळताना तिच्या डाव्या हाताच्या बोटांना तेल लागलं आणि तिला कळलंच नाही. कातडी लाल झालेली मी बघितली. पुण्याला फोटो काढला. मानेतली हाडं झिजून आतल्या मज्जारज्जूवर दाब पडतोय. असंच चालू राहिलं तर हातपाय जायची भीती आहे. औषधं सगळी झाली, कशानं नुसती झोपायची, कशानं नुसती फुगायची. आता एकच उपाय राहिला म्हणतात, तो म्हणजे मेंदूचं ऑपरेशन. हे ऐकलं आणि पापडाच्या डब्याखालून ही डायरी काढली.

७ नोव्हेंबर

पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. कागदावर डोकं काढून दाखवलं. कवटीला दोन बारीक भोकं पाडायची, त्यातून दोन तारा आत सोडायच्या. तारांचं दुसरं टोक कातडीखालून गळ्यापासून छातीत आणायचं आणि तिथं काडेपेटीएवढी बॅटरी बसवायची. बॅटरी तारेतून हलका करंट देत राहते, त्यानं चुकीचा हुकूम दबतो.

मी विचारलं, "बाई, पण शंभर टक्के बरी होईल ना?"

"नाही," त्या म्हणाल्या.

एवढं स्वच्छ 'नाही' कुणी डॉक्टर बोलतात का? मला वाटलं निदान 'बघू या' तरी म्हणतील.

"झटके साधारण निम्म्यानं कमी होतात," त्या म्हणाल्या. "कुणाचे जास्त, कुणाचे कमी. काही जणांना फारसा फरकच पडत नाही. शंभरात एकदोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जखम चिघळू शकते. तार तुटू शकते, बोलणं जड होऊ शकतं, स्वभावात बदल दिसू शकतो. करंट किती ठेवायचा हे शोधायलाच काही महिने जातात. पण मान अशीच ठेवली तर काय होईल, तेही तुम्हाला सांगितलंय."

मग म्हणाल्या, आता तुम्ही दोघं बाहेर थांबा, आम्हाला सृष्टीशी एकटीशी बोलायचंय. मला! आईला बाहेर! बाकावर बसून मी इतकी पुटपुटले की ह्यांनी मला चहा आणून दिला. आत ती डॉक्टरबाई, एक मानसोपचारवाला आणि आणखी कोण कोण होते. कितीतरी वेळानं सृष्टी बाहेर आली.

"मी हो सांगितलं," ती म्हणाली.

"मला न विचारता?"

"आई, मान माझी हाय."

गाडीत बसल्यावर दहा उत्तरं सुचली, पण तोवर ती खिडकीशी झोपली होती, आणि झोपेत तिची मान शांत असते. मग कशाला उठवायचं.

१० नोव्हेंबर

सकाळी आंघोळ करून कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढले. नवस बोलले. "आई, माझ्या पोरीची मान एका जागी थांबू दे. तुला बोकड आणि वाडीला जेवण." सासूबाई म्हणाल्या, थांबली की लगेच फेडायचा, देवीचं असलं लांबवत न्हाईत. मी म्हटलं, आधी थांबू तर दे.

२५ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. आज दवाखान्यात न्हावी आला. सृष्टीचे कमरेपर्यंत केस. झटक्यात वेणी निसटायची, मी पुन्हा घालायची, ती हसायची, मी ओरडायची, अशी आमची रोजची सकाळ. केस खाली पडायला लागले तशी मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात हे उठले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. "माझं पण घ्या. मिशी पण काढा."

"आप्पा, तुमी कशाला?" सृष्टी म्हणाली.

"एकटी टकली बरी दिसत न्हाई. जोडी पाहिजे."

माझा नवरा उभ्या आयुष्यात माझ्याशी चार गोड शब्द बोललेला नाही, पण हे त्याला बरोबर जमतं. मला रडू आलं. न्हाव्यालाही आलं असावं, कारण त्यानं ह्यांच्या कानाला वस्तरा लावला.

इथपर्यंत ठीक होतं. मग हे म्हशीचं दूध काढायला संध्याकाळच्या लोकलनं घरी गेले. आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नाही, आणि ह्यांच्या डोक्यात तर काही येतच नाही, की आपल्याकडं बाप्या माणूस मिशीसकट सगळं कधी उतरवतो. आई नाहीतर बाप गेल्यावर! मळवली स्टेशनावर आमचे शेजारी हौशीराम भाऊ भेटले. त्यांनी ह्यांना बघितलं आणि गळ्यात पडून रडायलाच लागले. ह्यांना वाटलं, सृष्टीच्या काळजीनं रडताहेत. मग हेही रडले. दोघं बापे फलाटावर गळ्यात गळा घालून रडले आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

हौशीराम भाऊंच्या आवाजाला फोन लागत नाही. हे मागून चालत येईपर्यंत सगळ्या वाडीत झालं, सरूबाई गेली, म्हणजे माझ्या सासूबाई. बाया पदर डोळ्याला लावून आमच्या अंगणात जमल्या. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. एवढ्या बाया रडत आलेल्या बघून त्यांनीही पदर डोळ्याला लावला आणि विचारलं, "कोण गेलं गं बायांनो?"

मग मागून मुलगा आला, चकचकीत टक्कल घेऊन. "मी जिती हाय की रं मुडद्या!" असं म्हणून त्यांनी सूप फेकून मारलं.

हे सगळं ह्यांनी फोनवर सांगितलं आणि सृष्टी इतकी हसली, इतकी हसली की नर्स पळत आली. नाकातून आवाज काढून हसते ही, मांडीवर थापा मारून. नर्सला वाटलं झटका आला. उद्या काय होईल ते होवो, आज आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

२६ नोव्हेंबर

सकाळी नेलं. जाताना म्हणाली, "आई, तोंड एवढुसं करू नकोस, लय वंगाळ दिसतीस."

दारातून कुणी बाहेर आलं की मी उभी राहायचे, आणि तो माणूस दुसऱ्याच कुणाला शोधत असायचा. ह्यांनी टोपी घातलेली, टोपी काढायचे, घालायचे. सासूबाईंनी पाठवलेला अंगारा माझ्या मुठीत ओला झाला. मला डॉक्टरबाईंचं ते शंभरातले एकदोन आठवत होतं. एक म्हणजे कुणीतरी असतंच ना. कुणाची तरी लेक असते.

दुपार कलली तेव्हा बाई बाहेर आल्या. "रक्तस्राव नाही. तारा जागेवर बसल्यात."

मी त्यांच्या पाया पडले. त्या मागं सरकल्या, मग मी भिंतीच्या पाया पडल्यासारखं झालं. जाग आल्यावर सृष्टीचा पहिला शब्द, "भूक."

२९ नोव्हेंबर

मान थांबली. नुसती उशीवर आहे. काल नाही, आज नाही, एक झटका नाही, एक आवाज नाही. सोळा वर्षांत माझी पोर जागी असताना एवढी शांत मी बघितली नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "याच्यावर विसंबू नका. तारा आत जाताना मेंदूला थोडी सूज येते, त्यानं झटके काही दिवस दबतात. ते परत येतील. मशीन अजून बंद आहे, आपण ते जानेवारीत चालू करू."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, मोठ्या माणसांना स्वतःचं कौतुक करायची लाज वाटते. बघणाऱ्याला दिसतंय की, पोरगी बरी झाली!

९ डिसेंबर

घरी येऊन आठवडा होऊन गेला, अजून मान थांबलेलीच. सासूबाईंनी धोशा लावलाय, नवस फेडा, फेडा, फेडा.

सृष्टी म्हणाली, "आई, मशीन बंद हाय अजून. थांब की जरा."

"मशीन बंद असून एवढा फरक, मग चालू झाल्यावर किती!" मी म्हटलं. यात चुकीचं काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. हौशीराम भाऊंनी आचारी ठरवला, भांडी ठरवली. गेल्या महिन्यात सासूबाईंना फुकट मारल्याची त्यांना भरपाई करायचीय.

१५ डिसेंबर

आज नवस फेडला. काय झालं ते सगळं लिहिते.

सृष्टीला पायऱ्या चढायला डॉक्टरांची बंदी. म्हणून ती खाली जीपमध्ये बसली, डोक्याला ओढणी गुंडाळून. मी आणि सासूबाई वर गेलो. सासूबाईंनी देवीला सांगितलं, "ती खाली पांढऱ्या जीपमधी बसलीया बघ. तूच बघ, मान कशी हाय ती." मागची माणसं ताटकळली तरी देवीला नीट जीप दिसेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मग पायथ्याला पंगत बसली. सगळी वाडी आलेली. रस्सा असा तिखटजाळ की लोकांची नाकं गळत होती आणि कुणी थांबत नव्हतं. मी भाकरी वाढत होते. हौशीराम भाऊ हातात पळी घेऊन सगळ्यांना सांगत होते की विज्ञान पण आहे आणि देवी पण आहे.

आणि पंगतीच्या मधोमध आवाज आला. "हुर्रऽऽ!"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. मी वळून बघितलं तर सृष्टीची मान मागं उडाली होती. पुन्हा उडाली. माझ्या हातातली भाकरी खाली पडली. एवढी माणसं, आणि कुत्र्याच्या हाडूक चावण्याचा तेवढा आवाज येत होता.

पहिली हसली ती सृष्टीच. "सांगितलं होतं ना," म्हणाली.

हौशीराम भाऊंनी पळी वर केली. "आता बोकड तर काय उठून बसत न्हाई. जेवा मुकाट्यानं!"

लोक जेवले. दोनदोनदा वाढून घेतलं. मी चुलीमागं जाऊन रडले. ह्यांनी मला तिथं शोधून काढलं आणि एका वाटीत माझ्यासाठी मटण ठेवलेलं दिलं. खाल्लं. काय करणार, चांगलं झालं होतं.

१८ डिसेंबर

टाक्यांपाशी जरा लाल दिसलं म्हणून पुण्याला नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, धुळीत, गर्दीत गेला होता का? आम्ही तिघंही जमिनीकडं बघत राहिलो. सृष्टीनंच सगळं सांगितलं, बोकडासकट. बाई आधी लय रागावल्या. जखम चिघळून आत तारांपर्यंत गेली असती तर सगळं काढावं लागलं असतं, म्हणाल्या. मग पाठ फिरवून त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. नशिबानं औषधावर भागलं.

घरी मी सासूबाईंवर चिडले. "तुमच्या घाईनं झालं हे."

त्या शांतपणे लसूण सोलत म्हणाल्या, "व्हय. पण आता देवीला आगाऊ दिलंय. आता तिला करावंच लागंल."

२ जानेवारी

आज मशीन चालू केलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. बाईंनी पाटीसारखं यंत्र हातात घेतलं आणि बोटानं हळूहळू आकडा वाढवला. सृष्टी म्हणाली, गालाला मुंग्या आल्या. बाईंनी जरा कमी केलं. झालं एवढंच. झटके चालूच, पण मला वाटलं जोर कमी आहे. ह्यांना पण वाटलं. आम्ही एकमेकांना सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

हौशीराम भाऊ संध्याकाळी आले, कपाळाला आठ्या. "वहिनी, एक इचारू का? आपल्याकडं लाइट सारखी जाती. लाइट गेली तर पोरगी बंद पडंल का?"

सृष्टी आतून म्हणाली, "न्हाई भाऊ, इन्व्हर्टर बसवलाय."

ते खरंच समाधानानं घरी गेले.

२१ जानेवारी

तिसऱ्यांदा आकडा वाढवला. मीच मागं लागून वाढवायला लावला. बाई म्हणत होत्या हळूहळू जाऊ, मी म्हटलं, बघा तर खरं. आणि बघितलं! गाडीत बसल्यापासून मळवलीपर्यंत एक आवाज नाही. घरी आल्यावर मान एकदोनदा हलली, वाऱ्यानं फांदी हलावी एवढीच. देवीनं घेतलं होतं ते फेडलं बाई.

२ फेब्रुवारी

आज आमच्याकडं हळदीकुंकू. इतकी वर्षं मी पोरीला अशा वेळी आतल्या खोलीत बसवायचे. आज बाहेर बसवलं, निळी साडी नेसवून, डोक्यावर पदर घेऊन, केस अजून बोटभरच आहेत. काय सांगू! कशी बसली होती, मूर्तीसारखी. वाण दिलं की घेतलं, बोललं की मान डोलावली. बाया म्हणाल्या, किती गुणाची, किती शांत. हीच ती पोर, असं कुणाला वाटलंसुद्धा नाही. माझा ऊर भरून आला.

बोलताना शब्द जरा जड येतात, जिभेखाली खडीसाखर ठेवल्यासारखे. चालायचंच.

७ फेब्रुवारी

आनंदाची गोष्ट. सृष्टीनं भाकरी उलटली आणि "आई गं!" म्हणून बोटं झटकली. डावी बोटं! चटका कळला! मी चूल तशीच टाकून तिची बोटं धरून नाचले. सासूबाई म्हणाल्या, पोरीचा हात भाजला नि आई नाचती. सगळे हसलो. सृष्टी आमच्याकडं बघत होती. मग हात धुवून आत गेली. दमत असेल बिचारी.

१२ फेब्रुवारी

म्हैस व्याली, पारडी झाली, काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. सृष्टीला हाक मारली. "नंतर बघते," म्हणाली. संध्याकाळपर्यंत आलीच नाही. तसं बरंच आहे, ओल्यात, शेणात कशाला यायचं जखम भरलेल्या पोरीनं.

हौशीराम भाऊ पारडी बघायला आले आणि शेणावरून घसरून गव्हाणीत बसले, टोपी म्हशीच्या तोंडात. आम्ही सगळे हसून लोळलो. सृष्टी दारात उभी राहून बघत होती.

झोपायच्या आधी हे म्हणाले, "सविता, पोरगी हसत न्हाई गं."

"तुमाला हसण्याचं पडलंय. मान बघा की मान!"

ते कूस बदलून झोपले. ह्यांना चांगलं काही बघवतच नाही.

१७ फेब्रुवारी

आज ती स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली. मी मेथी निवडत होते. हळू, जड जिभेनं म्हणाली, "आई, मला करंट कमी करून घ्यायचाय."

माझ्या हातातली जुडी गळाली. "का गं? दुखतंय?"

"न्हाई. काहीच होत न्हाई. तेच सांगतीय. पारडी बघितली, काही वाटलं न्हाई. बोटाला चटका बसला, तू नाचलीस, मला कळत होतं की आनंदाची गोष्ट हाय. पण आत काही हललं न्हाई. मी हितं बसलीय असं वाटतच न्हाई मला."

मी म्हटलं, होईल सवय. म्हटलं, लोक किती चांगलं बोलायला लागलेत. म्हटलं, पुन्हा मान उडायला लागली तर, हात गेले तर, कोण बघणार? म्हटलं, तुझ्यासाठी काय काय केलं. बरंच बोलले. नेहमी मी एवढं बोलले की ती मला चिडवते, माझी नक्कल करते. आज नुसती ऐकत राहिली. माझं बोलणं संपल्यावर उठून गेली.

भाजीत मीठ दोनदा पडलं.

२० फेब्रुवारी

पुण्याला जाऊन आलो. आत्ताच चहा घेतला, लगेच लिहायला बसलेय, नाहीतर विसरेन म्हणून नाही, राहवत नाही म्हणून.

सृष्टीनं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मी मधेच हात जोडले. "बाई, कमी करू नका. आत्ता कुटं जरा बरं चाललंय."

बाई म्हणाल्या, "सविताताई, झटक्यांसाठी हा आकडा चांगला आहे. पण तिच्या जिभेला आणि मनाला तो जास्त होतोय. आपण मधली जागा शोधू. थोडे झटके राहतील. मान पूर्वीसारखी फेकली जाणार नाही, याकडं माझं लक्ष आहे, दर थोड्या महिन्यांनी आपण हाताची ताकद तपासत राहू. पुन्हा दाब वाढतोय असं दिसलं तर पुन्हा बोलू. पण किती झटके चालतील हे सृष्टीनं ठरवायचं. तुम्ही किंवा मी नाही."

आणि त्यांनी बोटानं आकडा खाली आणला. आम्ही तिथंच बसून राहिलो. आधी काही नाही. मग तिच्या मानेला एक लहान हिसका आला. मग दुसरा. मग "हुर्रऽऽ", दवाखान्याच्या त्या शांत खोलीत. मी डोळे मिटले. सगळं केलेलं पाण्यात गेलं असं वाटलं मला.

स्टेशनापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी बोलले नाही. ती पण बोलली नाही. हे मधे बसले होते, दोन्हीकडं बघून शेंगा खात.

समोर एक काका डब्याची पिशवी पोटाशी धरून गाढ झोपलेले. चिंचवड गेलं आणि सृष्टीनं आवाज काढला, "हुर्रऽऽ!" काका ताडकन उभे राहिले. "आलं का लोणावळं?" म्हणाले आणि आमच्या पायांवरून दाराकडं धावले. ह्यांनी त्यांना सदऱ्याला धरून मागं ओढलं. "बसा काका, आकुर्डी हाय. लोणावळ्याला लय येळ हाय." काका बसले. सृष्टीकडं बघून म्हणाले, "पोरी, लोणावळा आल्यावर पण अशीच हाक मार हां."

आणि ती हसली.

नाकातून आवाज काढून, मांडीवर थापा मारून, ह्यांच्या खांद्यावर डोकं आपटून. मधेच मान उडायची, मधेच "हुर्र" व्हायचं आणि त्यावर आणखी हसू यायचं. हे हसायला लागले, काका हसायला लागले. मी तोंड घट्ट मिटून बाहेर बघत होते. मला राग धरायचा होता. आणि ते ऐकता ऐकता मला कळलं की महिनाभर आमच्या घरात हा आवाज नव्हता. महिनाभर! मी आई आहे आणि माझ्या लक्षात आलं नाही. मी मान बघत बसले होते. पोर कुठं गेली ते बघितलंच नाही.

मग मला रडूही आलं आणि हसूही. सृष्टीनं ह्यांच्या पुढून वाकून माझ्या गालावरून हात फिरवला. "आई, तोंड एवढुसं नको करू," म्हणाली. शब्द स्वच्छ, अगदी नेहमीचे. मी तिला जवळ ओढलं. झटका आला आणि तिचं टाळकं माझ्या हनुवटीला लागलं. चांगलंच लागलं. मी सोडलं नाही.

पलीकडं एक म्हातारी बाई बसलेली, कामशेतला उतरणारी. मघापासून आमच्याकडं टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "काय झालंय हो तुमच्या पोरीला?"

सोळा वर्षं हा प्रश्न मला कुठंही गाठायचा. लग्नात, एसटीत, देवळात, आणि मी खालच्या आवाजात सांगायचे, आजार आहे हो, औषध चालू आहे, होईल बरी.

आज मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं.

"काही न्हाई मावशी. हसतीया ती."